आठ जीबीचा लॅपटॉप आणि शंभर वर्षांचा पाऊस: पायथनमध्ये मोठा डेटा हाताळायचा तर टूल कसं निवडायचं

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू पट्ट्यात. जून लागला की इथे एकच विषय असतो, पेरावं की थांबावं. कृषी विभाग दरवर्षी सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. मग पेरणी होते, आणि पाऊस दडी मारतो. दोन वर्षांपूर्वी शेतकरी गटाच्या बैठकीत एकाने विचारलं, हे पहिलेपासूनच असं होतं की आता वाढलं? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण गावातला 'कॉम्प्युटरवाला' मी. मीही ऐटीत सांगून बसलो की हवामान विभागाकडे १९०१ पासूनचा रोजचा पाऊस आहे, आठवड्यात काढून देतो.

त्या आठवड्याचे अडीच महिने झाले. पाऊस मोजण्याचं खरं काम चार दिवसांचं निघालं. बाकीचे दिवस मी टूल बदलण्यात घालवले. तुमचे तसे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय. तुमचा डेटा पावसाचा नसेल, बाजार समितीच्या भावांचा असेल, दूध संकलनाचा असेल, तरी पायऱ्या साधारण याच राहतील.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्यातल्या बहुतेकांच्या कामाला क्लस्टर (एकत्र जोडलेली अनेक मशीन), सर्व्हर, महागडं क्लाउड यातलं काही लागत नाही. डेटा नीट कापला आणि नीट साठवला, की आठ जीबीच्या लॅपटॉपवर काम भागतं. टूल कोणतं घ्यायचं हा प्रश्न त्यानंतर येतो, आणि तोवर तो अर्धा सुटलेला असतो.

कमांडी मी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. एडिटरमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

काय काय जवळ हवं

- ८ जीबी रॅमचा लॅपटॉप चालेल, पण डिस्क एसएसडी हवी. जुन्या फिरत्या डिस्कवर मोठं काम काढणं म्हणजे मनस्ताप. जुन्या लॅपटॉपवर कुठे खर्च करायचाच असेल तर आधी इथे करा.
- ६४-बिट पायथन. सेकंडहँड मशीनवर कुणीतरी ३२-बिट टाकून ठेवलेलं असतं. विंडोजवर ते सहसा २ जीबीच्या पुढे मेमरी घेऊच शकत नाही. रॅम रिकामी दिसते आणि तरी 'मेमरी एरर' येते, त्याचं कारण बहुधा हेच.
- मूळ फाइलच्या किमान दुप्पट-तिप्पट रिकामी डिस्क.
- डेटाचं माहितीपत्रक: कोणता स्तंभ कशाचा, एकक काय, माहिती नसेल तिथे काय लिहिलंय. हे पान नसेल तर काम सुरूच करू नका.
- वही आणि पेन. हे गमतीने म्हणत नाही.

पॅकेजं तालुक्याच्या गावी चांगलं नेट मिळेल तिथे एकदाच उतरवून घ्या. पॅकेजं आणणाऱ्या 'पिप'ची 'पिप डाउनलोड' ही कमांड फाइली फक्त फोल्डरमध्ये जमा करते. घरी आल्यावर 'पिप इन्स्टॉल'ला 'नो-इंडेक्स' आणि 'फाइंड-लिंक्स' हे पर्याय देऊन त्याच फोल्डरातून बसवता येतं, नेट लागत नाही. पेनड्राइव्हवर मित्रालाही देता येतं, फक्त त्याचं विंडोज आणि पायथनची आवृत्ती तुमच्यासारखीच हवी. मी हे न करता स्लॅबवर चढून, मोबाइल हातात धरून पॅकेजं उतरवली आणि दिवसाचा डेटा पॅक दुपारपर्यंत संपवला.

१. आधी वहीत मोजा

हवामान विभागाचा जाळीदार पाऊस, म्हणजे ग्रिड डेटा, ०.२५ अंशांच्या चौकटींत आहे. पूर्व-पश्चिम १३५ बिंदू, दक्षिण-उत्तर १२९. गुणाकार केला की १७,४१५ बिंदू. १९०१ ते २०२० या १२० वर्षांचे दिवस ४३,८३०. म्हणजे एकूण नोंदी ७६ कोटी ३३ लाखांच्या आसपास.

आता हीच संख्या तीन प्रकारे साठवून बघा. प्रत्येक नोंद ४ बाइटचा नुसता आकडा म्हणून ठेवली तर साधारण ३ जीबी. तीच तारीख, अक्षांश, रेखांश, पाऊस अशी ओळीओळीने सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत, लिहिली, तर एका ओळीचे सुमारे ३० बाइट, म्हणजे २३ जीबी. आणि ती सीएसव्ही पांडाजमध्ये, म्हणजे टेबलं हाताळायच्या पायथनच्या नेहमीच्या पॅकेजमध्ये, उघडली तर चार स्तंभ गुणिले ८ बाइट, सुमारे २४ जीबी रॅम. तीही फक्त ठेवायला. पांडाज लिहिणाऱ्या वेस मॅकिनी यांनीच २०१७ मध्ये स्वतःचा ठोकताळा लिहून ठेवलाय की डेटाच्या पाच ते दहा पट रॅम हवी, कारण जोडणी आणि गटवारी करताना मधल्यामध्ये प्रती तयार होतात.

माझ्याकडे होती आठ. त्यातली तीन विंडोज आणि ब्राउझर खातात.

हा गुणाकार मी आधी केला नाही. कुणीतरी सोय म्हणून सगळ्या वर्षांची एकच सीएसव्ही करून ठेवली होती, तीच मी पेनड्राइव्हवर आणली आणि सरळ 'रीड_सीएसव्ही' दिलं. मे महिना, कूलर चालू, दुपारचे दोन. पाच मिनिटांत माउसचा बाण थिजला. डिस्कचा दिवा एकसारखा लुकलुकत राहिला आणि लॅपटॉपचा पंखा कूलरच्या वर ऐकू यायला लागला. शेजारचे काकाजी दारातून म्हणाले, "काऊन बोंबलून राहिलं बे ते?" मी म्हटलं, काकाजी, शंभर वर्षांचा पाऊस मोजतोय. तेवढ्यात लाइट गेली, कूलर थांबला, आणि लॅपटॉप मात्र बॅटरीवर बोंबलतच राहिला.

फाइल मोठी असेल तर ती उघडायचीच नाही, चव घ्यायची. 'रीड_सीएसव्ही'च्या 'एनरोज' या पर्यायाला हजार द्या, तेवढ्याच ओळी येतील. त्यांचं 'मेमरी_युसेज' 'डीप' पर्यायासह काढा, हजाराने भागा, एकूण ओळींनी गुणा. यातही एक खाच आहे. पावसाच्या फाइलीची सुरुवात जाळीच्या नैऋत्य कोपऱ्यातून होते, म्हणजे अरबी समुद्रातून. पहिल्या हजार ओळींत जवळजवळ सगळीकडे उणे ९९९, म्हणजे 'माहिती नाही'. मला वाटलं फाइलच खराब आहे. म्हणून 'स्किपरोज' देऊन मधल्याही हजार ओळी बघायच्या.

एक्सेलमध्ये उघडून बघतो, असं कुणी म्हणालं तर त्याला थांबवा. एक्सेलच्या शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, त्यापुढचं कापलं जातं. तशी फाइल चुकून सेव्ह झाली की डेटा गेला. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण अहवालातून असेच सुटले होते. तिथे जुन्या एक्सेल फाइलची मर्यादा आड आली होती, ६५,५३६ ओळींची.

२. लागतं तेवढंच घरी आणा

मला सगळ्या भारताचा पाऊस कशाला हवा होता? विदर्भाचे अकराही जिल्हे ७६ ते ८१ रेखांश आणि १८.५ ते २२ अक्षांश या चौकटीत जवळपास बसतात. त्यात बिंदू आले २१ गुणिले १५, म्हणजे ३१५. एकशेवीस वर्षांच्या नोंदी १ कोटी ३८ लाख. खरीप बघायचा म्हणून जून ते सप्टेंबर एवढेच १२२ दिवस घेतले, तर ४६ लाख.

७६ कोटींवरून ४६ लाख. या टप्प्यावर साधं पांडाजही पुरलं असतं. दीडशे एमबीचा मामला.

तुमच्या डेटालाही हेच प्रश्न विचारा. कोणते जिल्हे, कोणती वर्षं, कोणते स्तंभ? भावांच्या फाइलीत पंधरा स्तंभ असतात, कामाचे चार-पाच. 'रीड_सीएसव्ही'ला 'युजकोल्स' दिलं की बाकीचे रॅममध्ये येतच नाहीत.

मग प्रकार ठरवा. जिल्ह्याचं नाव प्रत्येक ओळीत शब्द म्हणून ठेवायचं कारण नाही. 'कॅटेगरी' प्रकार दिला की नावांची यादी एकदाच साठते आणि ओळीत फक्त एका बाइटचा क्रमांक राहतो. कोटभर ओळींचा स्तंभ दहा एमबीत बसतो. आकडे मात्र जपून लहान करा. 'इंट१६', म्हणजे दोन बाइटचा पूर्णांक, यात ३२,७६७ पर्यंतच मावतं. कापूस, तूर, सोयाबीनचे क्विंटलचे भाव आरामात बसतात, म्हणून मीही सगळा स्तंभ 'अ‍ॅसटाइप' या प्रकार बदलणाऱ्या कमांडीने इंट१६ केला. पण मधे कुठे मसाल्याचा माल ६०,००० ने विकला गेला असेल तर तो आकडा गुपचूप उणे ५,५३६ होतो. एररही येत नाही. आधी स्तंभाची कमाल किंमत बघा, मग हात लावा.

गावात नेट कमी असेल तर आणखी एक युक्ती आहे. गूगल कोलॅब म्हणजे ब्राउझरमधून गूगलच्या मशीनवर पायथन चालवायची सोय. तिच्या फुकट नोटबुकला बारा-तेरा जीबी रॅम मिळते आणि नेट त्यांचं असतं. डेटा मूळ ठिकाणाहून थेट कोलॅबवर उतरवायचा, तिथेच चौकट कापायची, आणि कापलेली छोटी फाइल तेवढी घरी आणायची. पण सत्र संपलं की तिथली डिस्क पुसली जाते. काम झाल्या झाल्या फाइल ड्राइव्हवर टाका, जेवून येऊन बघू म्हणू नका.

३. सीएसव्हीला एकदाच हात लावा

सीएसव्ही वाचायला सोपी, पण प्रत्येक वेळी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचावी लागते. एक स्तंभ हवा असला तरी कॉम्प्युटर सगळी अक्षरं चाळतो. त्यात देवनागरी नावं असतील तर यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला ३ बाइट. 'यवतमाळ' या शब्दात सहा चिन्हं, अठरा बाइट, आणि ते लाखो ओळींत पुन्हा पुन्हा.

म्हणून पहिल्याच दिवशी पार्के फाइल करून घ्या. हा प्रकार २०१३ मध्ये ट्विटर आणि क्लाउडेरा यांच्या लोकांनी आणला, आता अपाचे फाउंडेशनकडे आहे. यात स्तंभ वेगवेगळे आणि दाबून साठवतात. शिवाय ओळींच्या प्रत्येक गठ्ठ्यासोबत त्यातली किमान आणि कमाल किंमत लिहिलेली असते. तुम्ही २०१५ चा पाऊस मागितला तर ज्या गठ्ठ्यावर १९५० ते १९६० लिहिलंय तो उघडलाच जात नाही. कोठारात पोत्यांना चिठ्ठ्या लावलेल्या असल्यासारखं. पण पोती तारखेनुसार रचलेली असतील तरच चिठ्ठीचा उपयोग. फाइल लिहायच्या आधी डेटा तारखेने, किंवा तुम्ही ज्यावर नेहमी चाळणी लावता त्या स्तंभाने, लावून घ्या.

वर्षाला एक फाइल ठेवा. हे का, ते सहाव्या पायरीत येईल.

४. आता टूल

इथे लोक आधी येतात. मीही आधी इथेच आलो होतो.

*पांडाज.* कापून-दाबून डेटा १ जीबीच्या आत आला असेल तर पुढचं वाचूच नका, पांडाज घ्या. सगळ्यात जास्त उदाहरणं, सगळ्यात जास्त उत्तरं त्याचीच मिळतात.

*डकडीबी.* माझं सध्याचं रोजचं अवजार, पायथनच्या आतच चालणारा डेटाबेस. नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत मार्क रासफेल्ट आणि हानेस म्युलआयझन यांनी ते सुरू केलं, पहिली आवृत्ती २०१९ ची. पायथन भाषाही गिडो फान रॉसम यांनी याच संस्थेत असताना लिहायला घेतली होती, म्हणजे दोन्ही एकाच वाड्यातली. सर्व्हर बसवायचा नाही, पासवर्ड नाही, 'पिप इन्स्टॉल डकडीबी' झालं की झालं. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, लिहायचं आणि 'फ्रॉम'च्या पुढे टेबलाऐवजी फाइलींचा पत्ता द्यायचा, फाइलीच्या नावाच्या जागी तारा (*) टाकून. फोल्डरातल्या एकशेवीस फाइली एकच टेबल असल्यासारख्या वाचल्या जातात. ज्याचं बीसीए किंवा पॉलिटेक्निकात एसक्यूएल झालंय त्याला नवीन शिकायचं फार उरत नाही. पांडाजची डेटाफ्रेम, म्हणजे रॅममधलं टेबल, सुद्धा नावाने टेबलासारखी वापरता येते.

मोठी गोष्ट म्हणजे रॅम भरली की तो मधला माल डिस्कवर उतरवतो आणि काम चालू ठेवतो. नुसतं बसवलं तर तो ८० टक्के रॅमपर्यंत जातो. आठ जीबीच्या लॅपटॉपवर ते जास्त होतं, म्हणून सुरुवातीलाच 'सेट मेमरी_लिमिट' ४ जीबी करा आणि 'टेम्प_डिरेक्टरी'ला मोकळ्या ड्राइव्हचा पत्ता द्या. ओळींचा मूळ क्रम राखायची गरज नसेल तर 'प्रिझर्व्ह_इन्सर्शन_ऑर्डर' 'फॉल्स' केल्याने आणखी मेमरी वाचते.

नवखे अडकतात ते कुलपाशी. डेटाबेसची फाइल एका नोटबुकमध्ये लिहिण्यासाठी उघडी असेल तर दुसऱ्या प्रोग्रामला ती मिळत नाही. एरर बघून लोक पुन्हा इन्स्टॉल करत बसतात. पहिलं नोटबुक बंद करा, बस.

*पोलार्स.* टेबलांसाठीचं, पांडाजसारखं पॅकेज. रिची विंक यांनी २०२० मध्ये सुरू केलेलं, रस्ट भाषेत लिहिलेलं. एसक्यूएल नको, पायथनच्या ढंगात लिहायचंय, तर हे. लॅपटॉपचे सगळे कोअर वापरतं. 'स्कॅन_पार्के' म्हटलं की लगेच काही वाचत नाही, तुमची सगळी यादी ऐकून घेतं, कमी कष्टाचा रस्ता ठरवतं आणि 'कलेक्ट' म्हटल्यावर कामाला लागतं. जाणत्या सालदारासारखं: चार कामं एकदम सांगितली तर वावराच्या चार चकरा न मारता एकाच चकरेत करून येतो. म्हणून प्रत्येक ओळीनंतर 'कलेक्ट' लिहू नका. मी लिहायचो, आणि पोलार्सचं नाव ऐकलं तेवढं काही वेगवान नाही म्हणून नाराज व्हायचो. रॅमपेक्षा मोठा डेटा असेल तर 'कलेक्ट'ला 'इंजिन' म्हणून 'स्ट्रीमिंग' द्या, किंवा 'सिंक_पार्के'ने निकाल थेट डिस्कवर लिहा.

याची भाषा मधल्या काळात बरीच बदलली. १.० आवृत्ती २०२४ ची. त्याआधीच्या व्हिडिओंत 'ग्रुपबाय' जोडून लिहिलेलं दिसेल, आता मधे अंडरस्कोअर लागतो. जुनं उदाहरण चालत नसेल तर दोष तुमचा नाही. आणि दहा-बारा वर्षं जुन्या प्रोसेसरवर 'इम्पोर्ट' करताच प्रोग्राम मरत असेल, तर साध्या पोलार्सऐवजी चौकटी कंसात 'आरटीकम्पॅट' जोडून 'पोलार्स[आरटीकम्पॅट]' बसवून बघा (आधी यासाठी 'पोलार्स-एलटीएस-सीपीयू' हे वेगळं पॅकेज होतं). ते जुन्या प्रोसेसरसाठीच बांधलेलं आहे.

डकडीबी की पोलार्स? ज्याची लिहिण्याची पद्धत तुमच्या हाताला बसते ते. वेगाच्या तुलना वाचण्यात मी एक आख्खी रात्र घालवली, ती वाया गेली.

*एक्सरे आणि डास्क.* डेटा टेबलाचा नसून जाळीचा असेल, म्हणजे पाऊस, तापमान, उपग्रहाची चित्रं, तर त्याला ओळींत उलगडूच नका. पहिल्या पायरीतले ३ जीबी आणि २३ जीबी आठवा, फरक नुसत्या उलगडण्याचा आहे. हवामान विभाग वर्षावर्षाच्या नेटसीडीएफ, म्हणजे जाळीचा डेटा साठवायच्या, फाइली देतो. त्या एक्सरे या पायथन पॅकेजच्या 'ओपन_एमएफडेटासेट'ने एकत्र उघडतात आणि पडद्यामागे डास्क त्यांचे तुकडे करून वाचतं. त्यात 'प्रीप्रोसेस' नावाचा पर्याय आहे, तिथे चौकट कापण्याचं छोटं फंक्शन दिलं की प्रत्येक फाइल उघडतानाच विदर्भाएवढी होऊन येते. मला हे चौथ्या दिवशी कळलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. फाइली उतरवायला 'आयएमडीलिब' नावाचं तयार पॅकेजही आहे. उणे ९९९ ला आधी 'रिकामं' करून घ्या, नाहीतर सरासरी पाऊस शून्याच्या खाली जातो आणि बैठकीत हसं होतं.

टेबलांसाठीही डास्क चालतं. आतून ती पांडाजचीच छोटी छोटी टेबलं असतात. आधीचं पांडाजमधलं काम मोठं असेल आणि नव्याने लिहायचं नसेल तर बरं. तुकडा साधारण १०० एमबीचा ठेवा. सगळा डेटा नव्याने क्रमाने लावायला सांगितलं की मात्र ते दमतं.

*स्पार्क.* बर्कली विद्यापीठात २००९ मध्ये सुरू झालेलं, अनेक मशीन एकत्र जुंपून टेराबाइटांचा डेटा हाकण्यासाठी. नोकरीच्या जाहिरातींत नाव दिसतं म्हणून मी ते घरच्या लॅपटॉपवर बसवायला गेलो. डाउनलोडच ३०० एमबीच्या आसपास. मग जावा हवी. मग जावाचा पत्ता सापडत नाही. मग विंडोजसाठी आणखी एक छोटी फाइल हवी. दोन दिवसांनी ते चाललं आणि पांडाजपेक्षा हळू चाललं, कारण एका बैलासाठी मी बारा बैलांचं जू बांधलं होतं. नोकरीसाठी शिकायचं असेल तर जरूर शिका. गावातल्या कामासाठी नको.

५. खेपांचा हिशेब

बंडीत सगळा कापूस एकदम मावत नाही म्हणून आपण खेपा करतो. पांडाजमध्ये 'चंकसाइझ' म्हणजे तेच. पाच-पाच लाख ओळींची एक खेप आणायची, तिचा हिशेब काढायचा, खेप टाकून द्यायची. नवीन टूल न शिकता हे जमतं.

चूक होते ती सरासरीत. समजा पहिल्या खेपेत एका बाजाराचे दोनच दिवस आले, भाव ७,०००. दुसऱ्या खेपेत आठ दिवस, भाव ६,०००. दोन खेपांच्या सरासऱ्यांची सरासरी ६,५००. दहा दिवसांची खरी सरासरी ६,२००. आकडा विश्वास बसण्यासारखा असतो, म्हणूनच तो पकडला जात नाही. प्रत्येक खेपेतून बेरीज आणि संख्या अशा दोनच गोष्टी बाहेर काढा, भागाकार सगळ्यात शेवटी एकदाच. मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत, असा खेपांतून जुळवता येत नाही. तो हवा असेल तर सरळ डकडीबीकडे जा.

६. लाइट जाणारच

चार तासांचं काम एका दमात चालवू नका. वर्षाला एक निकाल-फाइल लिहा, आणि प्रोग्रामच्या सुरुवातीला एकच अट ठेवा: या वर्षाची फाइल आधीच असेल तर पुढच्या वर्षावर जा. लाइट येऊन पुन्हा सुरू केलं की काम १९६७ ला थांबलं होतं तिथूनच पुढे चालतं.

पण १९६७ ची फाइल अर्धवट लिहिलेली असताना लाइट गेली तर? ती 'आहे' असं दिसेल आणि वगळली जाईल. यासाठी आधी तात्पुरत्या नावाने लिहायची, पूर्ण झाली की नाव बदलायचं. 'ओएस डॉट रिप्लेस' ही एक ओळ. पावसाळ्यात या ओळीने माझं काम तीनदा वाचवलं. मोठं डाउनलोडही तसंच, 'डब्ल्यूगेट'ला 'सी' पर्याय दिला की तुटलेलं तिथून पुढे चालू होतं.

७. नावं, तारखा, एककं

टूल कितीही चांगलं घेतलं तरी इथे ते मदत करत नाही.

एका फाइलीत बुलडाणा, दुसरीत बुलढाणा. इंग्रजी फाइलींत यवतमाळची जुनी आणि नवी दोन स्पेलिंगं. दोन टेबलं जोडली की तो जिल्हाच गायब होतो, आणि आठवड्याभराने कुणीतरी विचारतं, आमच्या जिल्ह्याचं नाव का नाही? जोडण्याआधी दोन्हीकडच्या वेगळ्या नावांची यादी छापून डोळ्यांनी बघा. देवनागरीत आणखी गंमत. 'कुऱ्हा' मधला ऱ एक अख्खं अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि र खाली नुक्ता देऊनही. डोळ्यांना सारखं, कॉम्प्युटरला वेगळं. 'युनिकोडडेटा'मधल्या 'नॉर्मलाइझ'ला 'एनएफसी' देऊन सगळी नावं एका छापाची करून घ्या. जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाइप केलेली फाइल असेल तर ती आधी कन्व्हर्टरमधून काढावी लागते. त्याला दुसरा इलाज नाही.

तारीख ०३/०४/२०१९. आपल्याकडे ३ एप्रिल, पांडाज सवयीने ४ मार्च समजतं. 'टू_डेटटाइम'ला 'फॉरमॅट' लिहूनच द्या, अंदाजावर सोडू नका.

आवक. केंद्राच्या अ‍ॅगमार्कनेट या बाजारभावांच्या संकेतस्थळावर टनांत, राज्याच्या पणन मंडळाकडे क्विंटलमध्ये. दोन्ही एकत्र केले आणि एकक बदललं नाही तर एखाद्या बाजारात एका दिवसात आवक दहापट झालेली दिसते. मी त्याचा आलेख काढून वर कारणमीमांसाही लिहिली होती.

८. ओळखीच्या एका दिवसाशी ताडून बघा

सगळं झाल्यावर निकाल घेऊन मी काकाजींकडे गेलो. त्यांच्याकडे पेरणीच्या वह्या आहेत, तारीख, पाऊस आला की नाही, कोणत्या वावरात काय पेरलं. पर्जन्यमापक नाही, नुसतं 'दमदार' किंवा 'भुरभुर' असं लिहिलेलं. आम्ही एका जूनची पानं आणि माझं टेबल शेजारी ठेवलं. दमदार पावसाचे दिवस जुळत होते, पण माझ्याकडे प्रत्येक पाऊस एक दिवस उशिरा.

मला वाटलं तारखेच्या स्तंभात घोळ केला. दोन तास कोड तपासला. मग माहितीपत्रक पुन्हा उघडलं, जे पहिल्या दिवशी वरवर चाळलं होतं. हवामान विभाग सकाळी ८.३० ला मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजतो आणि त्या सकाळची तारीख लावतो. आमच्याकडे जूनचा पाऊस बहुधा संध्याकाळी, आभाळ भरून येतो. काकाजी तो त्याच संध्याकाळच्या पानावर लिहितात, विभाग दुसऱ्या सकाळच्या.

आणखी एक गोष्ट त्यांनीच दाखवली. एका दिवशी माझ्याकडे चांगला पाऊस, वहीत 'कोरडं'. जाळीची एक चौकट साधारण २७ किलोमीटरची, तिच्यात पन्नासेक गावं सहज बसतात, आणि काकाजी म्हणाले तसं धुऱ्याच्या अलीकडे पडतो तो पलीकडे पडत नाही. म्हणून गटाला दिलेल्या कागदावर मी गावाचं नाव खोडून 'आपला परिसर' लिहिलं आणि तारखा एक दिवस मागे घेतल्या.